युरोपातल्या छोट्या मळ्याची वाइन लोणावळ्यात स्वस्त होईल का? आणि मावळच्या जांभळाचं काय?

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. त्यानंतर मोबाईलवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये एक वाक्य हमखास दिसू लागलं: 'आता फ्रान्स-इटलीची वाइन स्वस्त होणार!' शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरून जाणाऱ्या लोणावळ्यातल्या हॉटेलांसाठी आणि बंगल्यांवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी ही बातमी कामाची आहे.

पण 'युरोपची वाइन' ही एकच वस्तू नाही. लाखो बाटल्या भरणाऱ्या कंपन्या एका बाजूला आणि चार-पाच एकरांवर द्राक्षं लावून घरच्या तळघरात वाइन करणारी कुटुंबं दुसऱ्या बाजूला. जगभरचे शौकीन सध्या शोधतायत ती दुसऱ्या प्रकारची, विशिष्ट गावाची आणि विशिष्ट उताराची चव असलेली बाटली. करारामुळे ती लोणावळ्यापर्यंत येईल का, हा प्रश्न जरा अवघड आहे.

शुल्क किती कमी होणार?

आयात वाइनवर भारतात १५० टक्के सीमाशुल्क आहे. युरोपीय संघाने दिलेल्या माहितीनुसार करार लागू होताच ते ७५ टक्क्यांवर येईल आणि पुढे टप्प्याटप्प्याने महाग गटातल्या वाइनवर २० टक्के, तर मध्यम गटातल्या वाइनवर ३० टक्क्यांपर्यंत उतरेल.

समजा, एक बाटली मुंबईच्या बंदरात १,५०० रुपयांना उतरली. आजच्या दराने तिच्यावर २,२५० रुपये शुल्क लागतं आणि ती ३,७५० ची होते. ७५ टक्क्यांनी ती २,६२५ ला पडेल, २० टक्क्यांनी १,८०० ला. फरक मोठाच आहे. पण हा दुकानातला भाव नव्हे. त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा नफा, वितरकाचा नफा आणि दुकानदाराचा नफा चढतो. हॉटेलात बसून प्यायची तर त्यांचा हिशेब आणखी वेगळा.

दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावरचा कर राज्य ठरवतं. त्यामुळे दिल्लीने शुल्क कमी केलं तरी भाव किती उतरेल, हे अर्धंअधिक मुंबईत ठरतं. उदाहरण जुनं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा केंद्राच्या शुल्कात काहीही बदल झाला नव्हता. तरी बाटल्या स्वस्त झाल्या.

मग छोट्या मळ्याचं घोडं कुठे अडतं?

लेबलवर. प्रत्येक राज्यात दारूचं प्रत्येक लेबल वेगळं नोंदवावं लागतं, त्याची फी भरावी लागते. शिवाय अन्नसुरक्षेचे नियम आहेत आणि भारतीय पद्धतीची माहिती छापलेलं स्टिकर आहे. हा खर्च बाटल्यांच्या संख्येवर नाही, लेबलांच्या संख्येवर चालतो.

पुन्हा एक 'समजा'. एका लेबलचा असा सगळा खर्च एक लाख रुपये धरला. मोठ्या कंपनीने त्या लेबलच्या दहा हजार बाटल्या आणल्या तर बाटलीमागे दहा रुपये पडतात. छोट्या शेतकऱ्याच्या तीनशेच बाटल्या आल्या तर बाटलीमागे ३३३ रुपये. आणि छोटा शेतकरी एकच वाइन करत नाही. वरच्या उताराची वेगळी, ओढ्याकाठची वेगळी, जुन्या वेलींची वेगळी, असं त्याचं असतं. त्याचं वेगळेपण म्हणतात ते हेच, आणि आपल्या नियमांत नेमकं तेच महाग पडतं.

म्हणजे टक्क्यांतली सवलत सगळ्यांना सारखी मिळेल, पण ठोक खर्चाचा भार लहानांवरच जास्त राहील. करारानंतर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिसतील त्या मोठ्या कंपन्यांच्याच बाटल्या, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

भूगोलाचीही एक गंमत आहे. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात वाइन आंबवतात. त्यांना 'क्वेव्री' म्हणतात आणि ही पद्धत २०१३ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातही मातीच्या मोठ्या रांजणात वाइन होते. पोर्तुगाल युरोपीय संघात आहे, जॉर्जिया नाही. त्यामुळे पोर्तुगालच्या रांजणाला सवलत मिळेल, जॉर्जियाच्या रांजणाला या करारातून काहीच नाही.

छोट्या मळ्याची बाटली ओळखायची कशी?

शँपेनच्या लेबलवर बारीक अक्षरांत एक सांकेतिक नोंद असते. तिथे 'आर' आणि 'एम' ही अक्षरं असतील तर वाइन करणाऱ्यानेच द्राक्षं पिकवलीत. 'एन' आणि 'एम' असतील तर करणारं घराणं इतरांकडून द्राक्षं विकत घेतं. दुसरी खूण म्हणजे फ्रान्समधल्या स्वतंत्र द्राक्ष उत्पादकांच्या संघटनेचं चिन्ह: खांद्यावर पिंप घेतलेला माणूस. छोटा म्हणजे आपोआप चांगला असं मात्र नाही. वाईट वाइन घरीही करता येते.

हे छोटे मळे टिकले कसे, हे मावळच्या वाचकाला लगेच कळेल. फ्रान्सच्या बर्गंडी भागात 'क्लो द वूजो' नावाचा सुमारे ५० हेक्टरचा एकच मळा आहे आणि त्याचे मालक आहेत ऐंशीच्या आसपास. नेपोलियनच्या काळातल्या वारसा कायद्याने जमीन सगळ्या मुलांत वाटली जात गेली. सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या आपल्या गावांसारखंच. फरक पुढे आहे. १९३५ मध्ये फ्रान्सने गावाचं नाव आणि पीक कायद्याने जोडण्याची व्यवस्था उभी केली. त्या मातीतलं द्राक्ष असेल तरच ते नाव लावता येतं. त्यामुळे दोन ओळींचा मालकही नावाच्या जोरावर कमावतो आणि जमीन विकण्याची घाई करत नाही. मावळात तुकडा लहान झाला की पहिला फोन प्लॉटिंगवाल्याचा येतो.

मावळात द्राक्षं का नाहीत?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. द्राक्षाला एवढा पाऊस म्हणजे डावणी आणि करप्याला आमंत्रण. महाराष्ट्रात एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी असं चक्र चालतं, आणि ते कोरड्या पट्ट्यातच नीट जमतं. म्हणून पुणे जिल्ह्यातली वाइन घाटमाथ्यावर नाही, पूर्वेकडे वाढली. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन केली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती युरोपात विकली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. दौंड तालुक्यात रोटी गावी वायनरी आली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला इटालियन भावांच्या भागीदारीत 'फ्रातेली' उभी राहिली.

मावळाचं पीक म्हणजे भात, त्यातही इंद्रायणी. तळेगावच्या हरितगृहांतले गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी युरोपात जातात, म्हणजे युरोपचा ग्राहक इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. आणि फळ म्हणाल तर करवंद आणि जांभूळ. तालुक्यात जांभूळ नावाचं गाव आहे, जांभवलीही आहे. मे-जूनमध्ये कातकरी आणि ठाकर बाया रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात हीच फळं विकतात. जांभूळ दोन दिवसांत ओघळतं. पहिला मोठा पाऊस आला की हंगाम संपला.

जांभळाची वाइन होऊ शकते का?

होऊ शकते, होतेही. महाराष्ट्रात फळांची आणि मधाची वाइन करणारे उद्योग आहेत. पुण्यात मूनशाइन मीडरी मधापासून 'मीड' बनवते, नाशिकमध्ये सेराना आहे. पण राज्याचं मूळ धोरण २००१ चं आणि ते द्राक्षासाठी आखलेलं. विंचूर आणि पलूसचे वाइन पार्क त्यातूनच आले.

२७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्याचं समर्थन करताना शेतकऱ्याच्या फळांना भाव मिळेल, असं सांगितलं गेलं. विरोधी पक्षाने 'मद्यराष्ट्र' म्हणत टीका केली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय दुकानांपर्यंत पोहोचलाच नाही. दारू सहज मिळाली तर घरं उद्ध्वस्त होतात, ही भीती खोटी नाही, आणि ती सर्वात जास्त ठाऊक आहे ती द्रोण विकणाऱ्या बायांनाच. पण त्या वादात एक साधा मुद्दा हरवला: शेल्फ मिळाला असता तरी तो भरला असता मोठ्या वायनरींनी. गावातल्या बचत गटाला परवाना, प्रयोगशाळा आणि लेबलची फी परवडण्यासारखी व्यवस्था त्या निर्णयात कुठेच नव्हती.

गोव्याने वेगळी वाट धरली. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. महाराष्ट्रात पालघरच्या बहाडोली जांभळाला मानांकन आहे, पण ते फळाला. मावळच्या जांभळाला तेवढंही नाही.

आता पुढे काय?

कराराच्या मसुद्याची कायदेशीर छाननी, युरोपीय संसदेची मंजुरी आणि मग अंमलबजावणी, असा क्रम आहे. तोपर्यंत लोणावळ्याच्या दुकानातले भाव आहेत तेच राहतील. त्यानंतर बघायच्या दोन गोष्टी. केंद्राने सोडलेल्या शुल्काची जागा राज्य आपल्या कराने भरून काढतं का? आणि लेबल नोंदणीची फी कमी बाटल्या आणणाऱ्यांसाठी वेगळी होते का? दुसरी गोष्ट झाली तर तिचा फायदा बर्गंडीच्या शेतकऱ्याला होईल तसाच जांभवलीच्या शेतकऱ्यालाही होऊ शकतो, कारण तीनशे बाटल्यांचा हिशेब दोघांचाही सारखाच आहे.