सातपुड्यातील यजमान कोण?

खोपोलीनजीक द्रुतगती मार्गालगत २०१३ साली 'इमॅजिका' हे थीम पार्क सुरू झाले आणि दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याला लागून 'नोव्होटेल'चे हॉटेल उभे राहिले. ही घाई ध्यानात घेण्याजोगी आहे. गोराईच्या 'एस्सेलवर्ल्ड'ला १९८९ पासून मुंबईची कुटुंबे होडीतून जात, दिवसभर पाळण्यांत बसत आणि दिवेलागणीला घरी परतत. सहल म्हणजे एक दिवस, एक डबा आणि एक तिकीट, एवढाच तो हिशेब होता. त्या उद्यानाची दारे २०२२ मध्ये मिटली. नव्या उद्यानांचा हिशेब निराळा आहे. अवाढव्य यंत्रांवर ओतलेले भांडवल एका दिवसाच्या तिकिटांतून वसूल होत नाही. पाहुणा रात्री राहिला, चार वेळा जेवला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आत गेला, तरच ताळा जमतो. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीने आपल्या आवारातच हॉटेले बांधली ती याच कारणाने. 'इमॅजिका'ला हॉटेल असूनही कर्जाचे ओझे पेलवले नाही आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतले, हा भाग अलाहिदा.

आता पुढची पायरी येऊ घातली आहे. आजवर कथा उद्यानात असे आणि हॉटेलात केवळ खाट असे. यापुढे हॉटेल हीच कथा होईल. पाहुणा किल्ल्यात झोपेल, राजवाड्यात जेवेल, जंगलातल्या झोपडीत वातानुकूलित यंत्र लावून पावसाचा आवाज ऐकेल. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची अपेक्षा धरलेली आहे. एवढा पैसा केवळ लोणावळा-महाबळेश्वरात मावणार नाही. तो नव्या जागा शोधील, आणि नव्या जागांबरोबर नव्या कथाही. त्या कथा कोणाच्या असतील आणि त्या कोण सांगेल, हा प्रश्न निविदा निघण्यापूर्वी विचारला पाहिजे. निविदा निघाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडे 'विकासविरोध' म्हणतात.

हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्याला सर्वांआधी भिडणार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा वाहते. शेजारच्या गुजरातेत केवडियाला ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे लोकार्पण झाले आणि पाहता पाहता तेथे तंबूनगरी, प्राणिउद्यान, आरोग्यवन, मुलांसाठी पोषण उद्यान आणि हॉटेले आली. एका राष्ट्रपुरुषाच्या स्मारकाभोवती कौटुंबिक पर्यटनाचे अख्खे नगर वसू शकते, हे केवडियाने सिद्ध केले. त्याच सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील डोंगरांच्या खोबणीत शिरले आहे. महाराष्ट्रातील ३३ गावे त्या बुडिताने बाधित झाली. पाणी, डोंगर आणि शांतता ही रिसॉर्टवाल्यांची त्रिसूत्री तेथे आयती तयार आहे. दक्षिणेला तापीकाठी सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत, घोड्यांच्या बाजाराशेजारी, चेतक महोत्सवाची तंबूनगरी मागील दशकात आपण पाहिलीच. आणि मधोमध आहे तोरणमाळ : साडेतीन हजार फुटांहून अधिक उंची, यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचे मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा. महाबळेश्वराखालोखाल थंड म्हणून ज्याची ख्याती सांगतात, त्या पठाराकडे मोठ्या गुंतवणूकदाराचे लक्ष आज ना उद्या वळणारच.

वळले तर काय होईल? कल्पना करणे अवघड नाही. मुंबईच्या कचेरीत बसलेला रचनाकार 'ट्रायबल थीम' असे दोन शब्द कागदावर लिहील. स्वागतकक्षात वारली चित्रे लागतील. वारली समाज पालघरकडचा आणि येथला समाज भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी, धानका असा आहे, याची त्याला दखल नसेल. प्रवेशद्वारी मोरपिसांचा टोप घातलेला तरुण उभा राहील. रात्री तलावाकाठी शेकोटी पेटेल आणि ढोल वाजेल. पाहुणे छायाचित्रे काढतील, आणि टोप घातलेल्या तरुणाला महिन्याकाठी मजुरी मिळेल. वरवर पाहता यात कोणाचेच काही बिघडले नाही.

ज्याने काठीची होळी पाहिली आहे, त्याला मात्र यातील अनर्थ चटकन उमगेल. अक्कलकुवा तालुक्यातील काठी संस्थानची राजवाडी होळी परंपरेप्रमाणे इ. स. १२४६ पासून चालत आलेली मानतात. तेथे कंबरेला भोपळे व घुंगरू बांधून, अंगावर राखेचे ठिपके रेखून, पिसांचे टोप चढवून जे नाचतात ते कलावंत नसतात, व्रतस्थ असतात. ते काही दिवस जमिनीवर निजतात, ब्रह्मचर्य पाळतात, आहाराचे नियम सांभाळतात. व्रत पुरे झाले की वेष उतरतो. तो वेष रोज रात्री आठ वाजता चढवून साडेआठला उतरवणे म्हणजे एकादशीचा उपवास रोज अर्ध्या तासासाठी करून दाखवण्यासारखे आहे. पंढरीच्या वारकऱ्याला टाळ-मृदंगासह पोहण्याच्या तलावाकाठी उभे करण्याचे धाडस कोणी करील काय? केले तर महाराष्ट्र पेटून उठेल. मग आपल्याच समाजाचे अभिन्न अंग असलेल्या वनवासी बांधवाच्या व्रताला निराळे माप का? नगरवासी हिंदूने अद्याप त्याला मनापासून आपला मानलेला नाही, त्याची साक्ष अशा वेळी मिळते.

परदेशात या गोष्टींचा अनुभव आपल्याहून जुना आहे. डिस्नीने फ्लोरिडातील आपल्या उद्यानासोबत १९७१ साली पॉलिनेशियन बेटांच्या थाटाचे हॉटेल उघडले. प्रशांत महासागरातील बेटाबेटांचे भेद पुसून त्यांची एकच गोजिरी सजावट झाली. ज्यांची ती संस्कृती होती ते हजारो मैल दूर होते. चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच कंपनीने खुद्द हवाई बेटांवर 'औलानी' हे रिसॉर्ट बांधले. या वेळी स्थानिक जाणकारांना सल्ल्यास घेतले, भिंतींवर स्थानिक चित्रकारांची चित्रे लावली आणि तेथील एका दालनात वस्तूंवर हवाई भाषेतील नावे लिहून, ती भाषा बोलणारे सेवक नेमले. (ते दालन मद्यपानाचे आहे, हे ओघाने आलेच.) बड्या व्यापारी कंपनीलाही चाळीस वर्षांत एवढे शहाणपण सुचले. मालकी मात्र कंपनीचीच राहिली.

याहून बोधप्रद उदाहरण फ्रान्सचे आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. वांदे हा पश्चिम फ्रान्समधील ग्रामीण, श्रद्धाळू प्रदेश. १७९३ मध्ये क्रांतीच्या राजवटीविरुद्ध तो उठला आणि निर्घृणपणे चिरडला गेला. पॅरिसच्या पाठ्यपुस्तकांत त्याला मानाचे पान नव्हते. १९७८ साली फिलिप द व्हिलिए या तरुणाने 'प्युई द्यु फू' नावाच्या भग्न गढीपाशी गावकऱ्यांना गोळा केले आणि त्यांच्या पूर्वजांची कथा त्यांच्याकडूनच रात्रीच्या भव्य प्रयोगात सादर करवली. शेतकरी, शिक्षक, सुतार असे सर्वजण विनामोबदला. पुढे १९८९ मध्ये तेथे मोठे उद्यान झाले. २००७ मध्ये रोमन वस्तीच्या धर्तीचे पहिले हॉटेल आले आणि नंतर आणखी झाली. आज ते फ्रान्समधील अग्रगण्य उद्यानांपैकी एक आहे, तरी रात्रीच्या मूळ प्रयोगात हजारो स्वयंसेवकच उतरतात. उद्यानामागे भागधारकांची कंपनी नाही, संस्था आहे. नफा वाटला जात नाही, उद्यानातच परत गुंततो. ज्यांना नित्यशाखेची आणि निःशुल्क सेवेची सवय आहे, त्या आपल्या कार्यकर्त्यांना हे अपरिचित वाटू नये. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतून पुण्याच्या आंबेगावात २१ एकरांवर साकारत असलेली शिवसृष्टी, जिच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले, त्याच जातकुळीची आहे. उद्या तिच्या परिसरात मराठा वाड्याच्या धाटणीचे निवासगृह झाले तर ते प्रेक्षकांना आवडेलच. त्याचा कारभार इतिहासावर प्रेम करणाऱ्यांच्या हाती राहतो की हॉटेल-साखळीच्या, एवढे पाहावे लागेल.

नंदुरबारकडे सांगण्यासारख्या कथा कमी आहेत काय? ९ सप्टेंबर १९४२ रोजी हाती तिरंगा घेऊन गोळी झेलणारा पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे चार बालसाथी येथलेच. दिवाळीत अस्तंब्याच्या शिखरावर जे हजारो यात्रेकरू चढतात, त्यांचा अश्वत्थामा कपाळीच्या जखमेला तेल मागत अद्याप याच डोंगरांत हिंडतो. आणि तळोदा तालुक्यातील रांजणीचे संत गुलाम महाराज. त्यांनी १९३० च्या दशकात वनवासी समाजाला आरतीच्या निमित्ताने एकत्र आणले, दारू सोडवली, परस्परांना 'आप' म्हणून आदराने हाक मारायला शिकवले. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके अतिथीशी बोलण्याची रीत आज शिकवतात. ती या मातीत एका वनवासी संताने केव्हाच रुजवली आहे. गुलाम महाराजांच्या मुलखातील रिसॉर्टमध्ये मद्यालय असावे की नसावे, यावर चर्चासुद्धा लागू नये. गुंतवणूकदार म्हणेल, त्यावाचून धंदा होत नाही. मोहाच्या फुलांचा लाडू, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, नंदुरबारच्या लाल मिरचीचा ठेचा आणि धडगावच्या आमचुराचे सार एवढ्यावर कुटुंबे येतात की नाही, हे करून पाहण्याजोगे आहे. पुण्यात वाघोलीला राजस्थानी खेड्याच्या देखाव्यात पैसे मोजून जेवायला मराठी कुटुंबे रांग लावतात. खानदेशाच्या ताटाला तीच कुटुंबे नाक मुरडतील, असे मानण्याचे कारण नाही.

रिसॉर्ट येऊच नये, असे येथे म्हणावयाचे नाही. ती चैन पुण्या-मुंबईत बसून निसर्गाच्या नावे गळा काढणाऱ्यांना परवडते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. दिवाळी सरली की डोंगरातील पाड्यांवर म्हातारी माणसे मागे राहतात आणि कर्ती माणसे लेकराबाळांसह ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातची वाट धरतात. कुपोषण, सिकलसेल, अर्धवट शाळा ही सारी त्या स्थलांतराची भावंडे आहेत. गावात बारमाही काम मिळाले तर ते कोणाला नको आहे? नर्मदेच्या खोऱ्यात अवशेष सापडले म्हणून ज्या डायनासोरचे शास्त्रीय नाव २००३ साली नर्मदेवरून ठेवले गेले, तो 'राजासॉरस' खोपोलीच्या उद्यानात पाण्यावरच्या सफरीचा नायक होऊन बसला आहे. नर्मदेचा मृत प्राणी चरितार्थाला लागला. नर्मदेकाठचा जिवंत माणूस मात्र कोयता घेऊन परमुलखात हिंडतो आहे.

म्हणून सारा भर मालकीवर द्यावा लागतो. टोप घालून दारात उभे राहण्याची नोकरी आणि आपल्या दारात पाहुण्याचे स्वागत करण्याचा मान, यांत मजुरीच्या आकड्याने न मिटणारे अंतर आहे. कायद्याने थोडी वाट करून ठेवलेली आहे. वनवासींची जमीन बिगरवनवासीकडे सरकारी परवानगीविना जाऊ नये, अशी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तरतूद आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क. अलीकडे, २०२५ मध्ये, जमीन खासगी उद्योगाला भाडेपट्ट्याने देण्याची वाट सुकर करण्याचा विचार शासनाने जाहीर केला. भाडे मिळणे वाईट नाही. परंतु तीस वर्षांचा पट्टा करणाऱ्या बापाच्या मुलाला, तो तरुण होईल तेव्हा, आपल्याच शेतात गणवेश घालून उभे राहावे लागू नये.

हे कसे साधावे, याचे उत्तर शोधायला फ्रान्सला जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाड्यात वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन सुमारे ४०० हेक्टर वन राखले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती वार्ता आपल्या घराघरांत आनंदाने वाचली गेली. त्या गावी वनभाज्यांच्या स्पर्धेत भगिनी रानातल्या भाज्या रांधतात आणि बाहेरून आलेले पाहुणे त्यांची चव घेतात. यजमान गाव आहे. भाजीचे नाव, गुण, हंगाम ती रांधणारी बाई स्वतः सांगते; तिच्या वतीने कोणी मार्गदर्शक बोलत नाही. जे एका दिवसासाठी जमते ते वर्षभरासाठी जमवायला हिशेब, स्वच्छता, आरक्षणाची व्यवस्था आणि भांडवल लागेल. तेथे नगरातील आपल्या मंडळींचे काम आहे : सनदी लेखापाल, वास्तुविशारद, हॉटेल-व्यवस्थापन शिकलेले तरुण. नंदुरबारला डॉ. हेडगेवार सेवा समिती कृषी विज्ञान केंद्र चालवते. डोंगरातल्या शेतकऱ्याशी असा वर्षानुवर्षांचा संबंध असलेल्या संस्था तेथे आहेत. कुडाच्या भिंती, सागाचे खांब आणि कौलारू छप्पर असलेली दहा-वीस घरे, प्रत्येक घर एका कुटुंबाचे, नफ्यातला वाटा ग्रामसभेचा, आणि बाहेरचा भांडवलदार असलाच तर भागीदार म्हणून, मालक म्हणून नव्हे. त्याला 'थीम रिसॉर्ट' म्हणा अथवा म्हणू नका.

तूर्त शासनाकडे मागणी एवढीच करावी. तोरणमाळ किंवा नर्मदाकाठच्या कोणत्याही मोठ्या पर्यटन प्रकल्पाचा मसुदा निविदेपूर्वी पावरी आणि भिली भाषांत गावोगाव वाचून दाखवावा आणि त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्यावा. ती ग्रामसभा होळीच्या पुढेमागे ठेवावी. गुजरातेत गेलेली माणसे त्याच दिवसांत गावी परतलेली असतात.