रविवारी हातापायांना सुट्टी का?



रविवार आला की आपण म्हणतो, आज खूप खेळायचे. पण खरेच खेळतो का? सोमवार ते शुक्रवार आपण पायी शाळेत येतो. मधल्या सुट्टीत लंगडी, लगोरी, पकडापकडी होते. शनिवारी सकाळची शाळा, त्यात कवायत. रविवारी मात्र घंटा नसते. मग उशिरा उठायचे, टीव्ही लावायचा, तो बंद झाला की मोबाईल! अनेक देशांत पाहण्या झाल्या. बहुतेक ठिकाणी मुले सुट्टीच्या दिवशी कमी हालचाल करतात आणि मुली मुलांपेक्षा कमी, असेच दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगाला चांगला व्यायाम द्यावा. म्हणजे आठवड्याचे ७ तास. कोणी म्हणेल, मग एकाच दिवशी सात तास खेळू! पण सहा दिवस उपास नि सातव्या दिवशी पुरणपोळी, असे करून अंग धरत नाही.

आता मुलींचे. रविवारी आमच्या वाट्याला भांडी, धुणे आणि धाकटे भावंड. मुलगे बॅट घेऊन पळतात. मोठी माणसे म्हणतात, काम केले की व्यायाम झालाच. हंडा उचलताना दम लागतो हे खरे. पण खेळातले धावणे, हसणे, हरणे-जिंकणे हंड्यात नसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिला संघाने तो जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. घरच्यांनी मैदानावर जाऊ दिले, तरच अशा खेळाडू तयार होतात ना?

उल्हासनगरच्या गल्ल्यांत गाड्या, अंबरनाथ-बदलापुरात नव्या इमारती. तिथल्या मुलांना मैदान शोधावे लागते. आपल्या गावात अजून मोकळी जागा आहे. ती असून न खेळणे म्हणजे उल्हास नदीच्या काठी राहून तहानलेले राहणे!

म्हणून माझे मत असे की, रविवारी संध्याकाळी ५ ते ६ हा तास घरातल्या सगळ्या मुलांचा असावा, मुलींचासुद्धा. भांडी भावाबहिणीने मिळून घासावीत, म्हणजे दोघांनाही वेळ मिळेल. पावसाळ्यात चिखल असला तर पडवीत दोरीवरच्या उड्या माराव्यात.

पालकहो, आमचे एवढे ऐकाच!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी