सामनानिश्चिती ते न्यायालय : शोधपत्रकाराला ढाल कोणती?

सामनानिश्चितीचे प्रकरण उजेडात आणणाऱ्या पत्रकारावरच पुढे लाचप्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. अनिरुद्ध बहल यांनी १९९७ मध्ये ‘आउटलुक’मधून आणि २००० मध्ये ‘तहलका’तून क्रिकेटमधील गैरव्यवहार मांडले. २००५ मध्ये त्यांच्या ‘कोब्रापोस्ट’ने पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात टिपले. ११ जणांचे सदस्यत्व गेले. त्यांत सिधी व ग्वाल्हेर, तसेच जळगाव व एरंडोल येथील प्रतिनिधी होते. पैसे देऊ केल्याबद्दल बहल यांच्यावर झालेली कारवाई दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केली.

तो निकाल आजही ढाल मानणे मात्र धोक्याचे आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. सापळा रचणाऱ्याने तपास यंत्रणेला आधी कळवले असेल, तरच त्याला संरक्षण मिळते. २०२३ मध्ये जिल्हा झालेल्या पांढुर्णा-सौंसर भागातील वार्ताहरामागे महानगरी वृत्तपत्रांसारखे वकिलांचे बळ नसते. मैदान असो वा कार्यालय, तेथील भ्रष्टाचार टिपण्यापूर्वी लोकायुक्तांच्या पोलीस पथकाकडे दिलेल्या तक्रारीची पोच हाती असणे, हीच त्याची खरी ढाल होय.