प्रकाशाची कसोटी आणि फवारणीची नोंदवही

सोन्याचा कस पाहण्यासाठी सराफ ते कसोटीच्या दगडावर घासून पाहतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. विज्ञानाने आता हा क्रम उलटा केला आहे. सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण हीच कसोटी झाली असून तिच्यावर फळे व भाजीपाला यांवरील औषधांचे अवशेष पारखले जात आहेत. ही पद्धत बागाईतदाराच्या बांधापर्यंत यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. तथापि तिच्यावर कोणते काम सोपवावे व कोणते सोपवू नये, याचा विचार आधी होणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या भरवशाची किंमत शेवटी बागाईतदारालाच मोजावी लागते.

या पद्धतीचे मूळ भारतातच आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्ता येथे जो शोध लावला व ज्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा आशय असा: एकाच रंगाचा प्रकाश एखाद्या पदार्थावर पाडला असता विखुरणाऱ्या प्रकाशातील अगदी थोडा भाग आपला रंग किंचित बदलून बाहेर पडतो. हा बदल पदार्थातील रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. प्रत्येक प्रकारच्या रेणूची कंपने निराळी असल्यामुळे या प्रकाशाचा पट म्हणजे त्या रेणूचा जणू अंगठ्याचा ठसाच होय. अडचण एवढीच होती की, असा रंग बदललेला प्रकाश कोटी भागांत जेमतेम एक भाग इतकाच मिळतो. फळाच्या सालीवरील औषधाचा लवलेश ओळखण्यास तो पुरा पडत नसे.

ही अडचण धातूने दूर केली. १९७४ साली इंग्लंडमधील साउथँप्टन येथे फ्लाइशमान, हेन्ड्रा व मॅक्क्विलन या संशोधकांना, खडबडीत केलेल्या चांदीला चिकटलेल्या पिरिडीन या द्रव्याच्या रेणूंपासून अनपेक्षितपणे ठळक पट मिळाला. चांदीवर अधिक रेणू चिकटले म्हणून असे घडले, अशी प्रथम समजूत होती. १९७७ साली अमेरिकेत व इंग्लंडमध्ये झालेल्या स्वतंत्र अभ्यासांनी दाखवून दिले की, रेणूपासून मिळणारा प्रकाशच लाखो पटींनी वाढतो. प्रकाश पडताच धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावे घेऊ लागतात आणि कणाकणांमधील फटींत प्रकाशाचे बळ एकवटते. मात्र हे बळ धातूपासून मीटरच्या काही अब्जांश अंतरापर्यंतच टिकते. धातूला लगटून असलेला रेणूच बोलका होतो. दूर राहिलेला मुका राहतो. पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

बियाण्यास चोळावयाचे थायरम शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. त्याच्या रेणूत गंधक असते आणि गंधकाला सोन्याचांदीची ओढ मोठी. म्हणून थायरम या कसोटीवर सहज सापडते. चीनमधील शिआमेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली सोन्याच्या कणांवर सिलिकाचे अत्यंत पातळ कवच चढवून ते संत्र्याच्या सालीवर भुकटीप्रमाणे पसरले व सालीवरील मिथिल पॅराथिऑन ओळखून दाखवले. या कीटकनाशकावर भारतात २०१८ साली बंदी आली. फळ न कुटता, अर्क न काढता, अशी परीक्षा होऊ शकते, ही मोठीच सोय आहे.

परंतु त्याच २०१० साली महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनी जो धडा घेतला, तोही विसरून चालणार नाही. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे बागाईतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे, अवशेष मर्यादेहून अधिक आढळले आणि माल अडकून पडला. ती मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे टनभर द्राक्षांत अवघी ५० मिलिग्रॅम, एवढी कडक होती. निर्यातीपूर्वी माल तपासलेला होता. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते. खरड छाटणीनंतर वेलीला दिलेले औषध वेलीत टिकून पुढील हंगामाच्या घडांत उतरले, आणि हिशेब चुकला तो बागाईतदाराचा.

जे विचारले नाही, त्याचे उत्तर कोणतेही यंत्र देत नाही. प्रकाशाच्या कसोटीला तर हे अधिकच लागू पडते. ज्या रेणूला धातूची ओढ नाही, तो तिच्या नजरेतून निसटतो. सालीवरील मेण, साखर, इतर औषधे ही सारी धातूवरील जागा अडवतात. आंतरप्रवाही औषध गरात असते, तर ही परीक्षा बहुधा सालीची होते. सबब यंत्राने काही दाखवले नाही, म्हणजे माल निर्दोष, असे मानणे धोक्याचे आहे.

यावर असे म्हटले जाते की, प्रयोगशाळेतील तपासणी खर्चाची व वेळखाऊ आहे. लहान बागाईतदाराला हाती धरता येणारे यंत्रच परवडेल. या म्हणण्यात तथ्य आहे. काढणी तोंडावर आल्यावर येणारा अहवाल पुष्कळदा वरातीमागून घोडे ठरतो. म्हणूनच या यंत्राला चाळणीचे काम द्यावे, न्यायाधीशाचे नव्हे. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी यंत्राने शंका दाखवली, तर काढणी लांबवावी व नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. यंत्राने शंका दाखवली नाही, तरी निर्यातीच्या मालाची रीतसर तपासणी टाळू नये. प्रत्येकाने यंत्र घेण्यापेक्षा उत्पादकांच्या संस्थेने एक यंत्र व ते जाणणारा एक प्रशिक्षित तरुण ठेवणे अधिक इष्ट.

या सर्वांचा पाया मात्र फवारणीची नोंदवही हाच आहे. औषधाचे नाव, त्यातील घटक, प्रमाण, तारीख आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ यांची नोंद एप्रिलच्या छाटणीपासून प्रामाणिकपणे झाली, तरच कोणते अवशेष शोधावयाचे हे प्रयोगशाळेला कळेल. दुकानदाराने सुचवलेले व बाटलीवर घटकांचा उल्लेख नसलेले औषध बागेत गेले आणि वहीत आले नाही, तर पुढे सोन्याचे कणही कामी येणार नाहीत. पैसा लागणार नाही, असे हे काम आहे. नवे यंत्र गावात येईल तेव्हा येवो. वहीचे पहिले पान बागाईतदार बंधूंनी येत्या छाटणीलाच उघडावे.