नात्यातील मर्यादा

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. मालकाला ‘येथवरच’ असे बजावणे हा श्रमिकाचा हक्क होय, हे चळवळीने प्रस्थापित केले. परंतु सभा आटोपून कार्यकर्ता अवेळी चार पाहुण्यांसह घरी येतो, तेव्हा पुन्हा स्वयंपाकाला लागणाऱ्या पत्नीला हा हक्क असतो काय? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे खर्च होतात, पुरुषांची ८८. हे सारे प्रेमापोटी चालते, असे समर्थन केले जाते. पण जेथे नकाराची मुभा नाही, तेथील होकाराला प्रेम कसे म्हणावे? ती वेठच. ‘आज जमणार नाही’ असे पत्नीने, सुनेने वा मुलीने म्हटले, तर तो उद्धटपणा ठरू नये. तो नकार रुसवा न धरता ऐकून घेणे आणि पाहुण्यांसाठी स्वतः पिठले-भात रांधणे, एवढे तरी समतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरापासून सुरू करावे.