आधी चेंडू, मग वर्ग

संगणकशास्त्र शिकू लागलेला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटला. जावा भाषेत पडद्यावर ‘नमस्कार’ एवढेच उमटवायचे, तर त्याने वहीत ‘पब्लिक’, ‘क्लास’, ‘स्टॅटिक’, ‘व्हॉइड’ असे शब्द उतरवून घेतले होते. अर्थ विचारला तर म्हणाला, “सर, तो पुढे कळेल म्हणून सांगितलंय.” म्हणजे शास्त्र शिकायला गेलेला मुलगा मंत्र पाठ करीत होता!

‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ म्हणजे वस्तुकेंद्री पद्धतीवर माझा राग नाही. तिची गरज भासण्यापूर्वीच ती शिकवली जाते, ही माझी तक्रार आहे. या पद्धतीचा उगम नॉर्वेत झाला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांना प्रत्यक्षातील घडामोडींची नक्कल संगणकावर करायची होती. त्यातूनच ‘सिम्युला ६७’ ही भाषा जन्मली. आधी अडचण होती, उपाय नंतर आला.

आपणही तसेच करून पाहू. समजा, चौकोनात एक चेंडू उसळतो आहे. त्याची जागा सांगायला दोन संख्या, वेगाला दोन. दर क्षणाला जागेत वेग मिळवायचा, भिंत लागली की वेगाचे चिन्ह उलटायचे. हे कोणालाही जमेल. आता वीस चेंडू घ्या. संख्या झाल्या ८०! त्यांच्या चार याद्या करा. वस्तुमान आणि रंग हवा, तर आणखी दोन. मग सातवा चेंडू काढून टाका, पण वस्तुमानाच्या यादीतून काढायला मुद्दाम विसरा. आठव्याला सातव्याचे वस्तुमान चिकटेल आणि पुढच्या सगळ्यांचा घोटाळा होईल. ही चूक स्वतः केलेल्या मुलाला सांगावे, की एका चेंडूच्या साऱ्या संख्या आणि त्याचे हलण्याचे नियम एकाच गाठोड्यात बांध. त्या गाठोड्याचा नमुना म्हणजेच ‘वर्ग’, आणि त्या नमुन्याबरहुकूम केलेला एकेक चेंडू म्हणजे ‘वस्तू’.

काही प्राध्यापक म्हणतात, याद्यांची सवय लागली की ती सुटत नाही. यात तथ्य आहे. म्हणून याद्यांवर वर्ष घालवू नये, तीन-चार आठवडे पुरेत. शिवाय २०२५ साली आलेल्या जावाच्या २५व्या आवृत्तीत पहिल्या धड्यासाठी त्यांतले ‘व्हॉइड’ सोडून बाकीचे मंत्र लिहावेच लागत नाहीत. भाषा घडविणाऱ्यांनाही ही अडचण पटली म्हणायची!

त्या मुलाला मी वीस चेंडूंचे काम दिले. आठवड्याने तो आला तो वैतागूनच. “सर, आठवा चेंडू बिघडलाय!” मी त्याला खुर्ची दिली आणि कोरा कागद पुढे केला.