नव्या मोटारीचा योगक्षेम

घरांत नवी मोटार आली म्हणजे पहिले पंधरा दिवस सर्वांचें एकमत असतें. तिला हार घालण्यांत, पेढे वांटण्यांत आणि देवदर्शनास नेण्यांत मतभेदाला जागाच नसते. मतभेद सुरू होतो तो पुढें. घरांतील तरुण मंडळींना "हिच्यांत थोडी सुधारणा करावी" असें वाटूं लागतें तेव्हां. या महिन्यांत एका वाचकांचें पत्र आलें आहे तें याच स्वरूपाचें. पत्रलेखक घरांतील वडील काका आहेत. पुतण्यानें नोकरीच्या पैशांतून व काकांच्या मदतीनें लहान मोटार घेतली. तिला अद्याप वर्षही झालें नाहीं. कोंकणांतील गांवाहून परततांना घाटाच्या चढावर गाडी जड वाटते, अशी पुतण्याची तक्रार. एका गॅरेजवाल्यानें त्याला तीन उपाय सुचविले आहेत: एंजिनाच्या संगणकांत नवी आज्ञावली भरावी, मोठीं चाकें बसवावीं आणि सायलेन्सर बदलावा. असें केल्यास कंपनीची हमी जाईल, ही काकांना धास्ती. "दोघांचेंही समाधान होईल असें कांहीं लिहा," अशी त्यांची आज्ञा आहे. दोन्ही पक्षांचें समाधान न्यायाधीशालाही साधत नाहीं. परंतु प्रश्न पुष्कळ घरांतला आहे, म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

संस्कृतांत योग आणि क्षेम हे शब्द जोडीनें येतात. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग. जें मिळालें आहे तें सांभाळणें हें क्षेम. पुतण्याची दृष्टि योगाकडे आहे, काकांची क्षेमाकडे. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. हमी चालू आहे तोंवर पैसा एंजिनावर खर्च करूं नये. गाडी जेथें रस्त्याला टेकते तेथें, म्हणजे टायर व ब्रेक यांवर, तो खर्च करावा. आणि तोही कंपनीनें स्वतः आंखून दिलेल्या मर्यादेंत.

पत्रांतील गाडी मारुति-सुझुकीची स्विफ्ट आहे, २०२४ सालीं आलेल्या नव्या पिढींतील. तिचें एंजिन ११९७ घन सेंटिमीटरांचें, तीन सिलिंडरांचें. अश्वशक्ति सुमारें ८२. रिकाम्या गाडीचें वजन ९२० किलोंच्या आसपास. आतां सुटीच्या दिवशींचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. आंत सरासरी ६५ किलोंचीं पांच माणसें आणि मागें नारळ, आंबे, कुळीथ, पोहे मिळून ६० किलोंचें सामान. एकूण वजन झालें १३०५ किलो. रिकाम्या गाडीला टनामागें ८९ अश्वशक्ति होती, ती ६३ वर आली. गाडी जड वाटते ती यामुळें. गॅरेजवाल्यानें एंजिनाची शक्ति पांच टक्क्यांनीं वाढविली असें घटकाभर धरूं. म्हणजे टनामागें ६६ होतील. आणि शक्ति मुळींच न वाढवितां तें ६० किलोंचें सामान गाडींत घातलें नाहीं, तरीही ६६ च होतात! पुतण्यानें हा हिशेब स्वतः कागदावर मांडून पाहावा. आंब्याच्या पेट्या एस्टीच्या पार्सलानें पाठविण्यास किती पडतात, हें त्याला सांगावयास नको.

पांच टक्के हा आंकडा मीं कंजूषपणानें घेतलेला नाहीं. या जातीचें एंजिन बाहेरची हवा बाहेरच्याच दाबानें आंत ओढतें. एका वेळीं किती हवा आंत येणार हें सिलिंडरांच्या आकारमानानें ठरलेलें. आणि तेवढ्या हवेला किती पेट्रोल द्यावयाचें, ठिणगी केव्हां पाडावयाची, हें संगणक अगोदरच बऱ्याच बारकाईनें ठरवीत असतो. तेव्हां नवी आज्ञावली भरून मिळणार तें थोडेंच. टर्बो बसविलेल्या एंजिनाची गोष्ट निराळी. तेथें हवा पंख्यानें दाबून भरलेली असते. तो दाब वाढविला कीं शक्ति खरोखर लक्षांत येण्याइतकी वाढते, हें कबूल केलें पाहिजे. पण तो वाढलेला जोर क्लचवर आणि गियरपेटीवर पडतो, आणि त्या मूळच्या जोराच्या हिशेबानें केलेल्या असतात. शिवाय संगणक स्वतःची दप्तरी ठेवतो. फोक्सवॅगनच्या गाड्यांत (आपल्या चाकणला २०२२ पर्यंत जी पोलो तयार होत असे तीही त्याच घराण्यांतली) आज्ञावली बदललेली आढळली, तर त्या गाडीच्या नोंदींत टीडी१ अशी खूण केली जाते. अनेक संगणक आपली आज्ञावली किती वेळां भरली गेली हेंही मोजून ठेवतात. "सर्व्हिसिंगला नेण्यापूर्वी पूर्ववत् करून देतों," हें गॅरेजवाल्याचें आश्वासन म्हणूनच फारसें विश्वासार्ह नाहीं.

मग चढावर करावें काय? या एंजिनाची पिळण्याची ताकद सर्वांत अधिक असते ती मिनिटाला ४३०० फेऱ्यांच्या सुमारास. आपल्याकडे एंजिनाचा आवाज वाढला कीं घरांतील वडील मंडळी "हळू, हळू" म्हणूं लागतात, आणि चालविणारा बिचारा तिसऱ्या गियरांतच तिला रडवीत वर नेतो. वेळींच दुसरा गियर टाकावा, एंजिनाला मोकळेपणीं फिरूं द्यावें. त्यानें एंजिन बिघडत नाहीं. तें तशाच कामासाठीं केलेलें आहे. काकांनीं एवढा आवाज सहन करण्यास शिकावें.

आतां हमीविषयीं. मारुति-सुझुकीनें जुलै २०२४ मध्यें आपल्या गाड्यांची मूळ हमी तीन वर्षें किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तोंपर्यंतची केली. हमी म्हणजे कारखान्यांतील दोष कारखान्यानें निस्तरावा, एवढेंच वचन. मालकानें केलेल्या बदलामुळें जें बिघडेल तें त्या वचनाबाहेरचें. येथें आमचा जुना काकतालीय न्याय आठवतो. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें. म्हणून कावळ्यानें तें पाडलें असें होत नाहीं. एंजिनाची आज्ञावली बदलली आणि पुढच्या महिन्यांत दाराच्या कांचेची मोटार बंद पडली, तर हा निव्वळ काकतालीय योग. कंपनीनें कांच दुरुस्त करून दिलीच पाहिजे. परंतु क्लच जळला, तर कावळा खरोखरच दोषी असण्याचा संभव पुष्कळ.

अमेरिकेंत १९७५ सालचा कायदा आहे. परक्या बनावटीचा भाग वापरला एवढ्याच कारणावरून तेथें हमी नाकारतां येत नाहीं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें चौदा मोटार-कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशांत असें म्हटलें, कीं बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केलें म्हणून सरसकट हमी रद्द करूं नये. सदोष कामामुळें जें नुकसान झालें असेल तेवढ्यापुरतीच ती रद्द करावी. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या वरच्या न्यायासनांपुढें गेल्या. पण तत्त्व कांहींही असो, व्यवहार असा आहे कीं वाद सुरू होतो तेव्हां गाडी कंपनीच्या आवारांत उभी असते आणि आपण रिक्षानें हिंडत असतों. कारण-कार्याचा संबंध सिद्ध होईपर्यंत जो वेळ जातो त्याची हमी कोणीच देत नाहीं.

हमीहूनही कठीण गोष्ट कायद्याची आहे, आणि ती पत्रांत काकांनींही लक्षांत घेतलेली दिसत नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखान्यानें दिलेल्या मूळ तपशिलाहून निराळे होतील असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हें कलम काटेकोरपणें लागू केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अनधिकृत बदलास दर बदलामागें पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. विमा कंपनीस न कळवितां केलेला बदलही अपघातानंतर दाव्याच्या आड येऊं शकतो. चार अश्वशक्तींसाठीं एवढें विघ्न ओढवून घेणें मला तरी पटत नाहीं.

सायलेन्सर बदलल्यानें लहान एंजिनाचा आवाज वाढतो व शक्ति वाढल्याचा भास होतो. उघड्या शंकूच्या आकाराच्या एअर फिल्टरचें तसेंच. तो बॉनेटखालची तापलेली, म्हणून विरळ झालेली हवा ओढतो. आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ त्यांतून आंत जाईल ती निराळीच. मूळ डब्यांत मूळ मापाचा कागदी फिल्टर वेळच्या वेळीं बदलावा, इतकें पुरे. पेडल बॉक्स नांवाची एक डबी हल्लीं फार खपते. ती बसविल्यावर पाय थोडा दाबला तरी गाडी जास्त दाबल्यासारखी उसळते. शक्ति तीच, मागण्याची रीत मात्र उतावळी होते. पाय अधिक दाबून तोच परिणाम फुकट साधतां येतो.

आतां चाकांचें प्रकरण. यांत पुतण्याचें म्हणणें अर्धें बरोबर आहे, म्हणून येथें थोडें थांबतों. स्विफ्टच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ या मापाचे टायर असतात. याचा अर्थ, रुंदी १६५ मिलिमीटर, रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंचांची. रिम व दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून चाकाची एकूण उंची सुमारें ६२० मिलिमीटर. वरच्या प्रकारांना कंपनी १८५/६५ आर १५ देते. तोच हिशेब केला तर उंची येते ६२१ किंवा ६२२. रिम मोठी झाली, टायर वीस मिलिमीटर रुंद झाला, पण चाकाची उंची तीच राहिली. ही कारखान्यानेंच केलेली सुधारणा होय. पुतण्याची गाडी खालच्या प्रकारांतील आहे. त्यानें हें दुसरें माप खुशाल घ्यावें. वळणावर व पावसांत ब्रेक लावतांना रुंद आणि चांगल्या रबराचा टायर जो आधार देतो, तो कोणत्याही आज्ञावलीनें मिळणार नाहीं.

गॅरेजवाल्यानें सुचविलेलें माप मात्र २०५/५५ आर १६ आहे. त्याची उंची ६३२ मिलिमीटर भरते, म्हणजे मूळच्याहून दोन टक्के अधिक. चाक मोठें झालें कीं एका फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते. म्हणजेच प्रत्येक गियर तेवढा लांब होतो आणि चढावरचा जोर तेवढाच घटतो. चढावर जोर मिळावा म्हणून मोठें चाक बसविणें म्हणजे दम लागतो म्हणून उंच पायऱ्या बांधण्यासारखें आहे! शिवाय वेगदर्शकाचा कांटा खऱ्या वेगाच्या मानानें कमी दाखवूं लागतो, आणि खड्डा व रिम यांच्यामधलें रबर जवळजवळ दोन सेंटिमीटरांनीं कमी होतें. आपले खड्डे पाहतां ही काटकसर महागांत पडेल.

टायर घेतांना बाजूवर कोरलेलीं अक्षरें वाचावीं. मापानंतरचा आंकडा भाराचा. ८२ म्हणजे एका चाकावर ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०. त्यापुढचें अक्षर वेगाचें. एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. मूळ टायरावर जें असेल त्याहून कमी घेऊं नये. चार अंकी खुणेंत आठवडा व वर्ष असतें. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला माल याच खुणेनें ओळखूं येतो. बसविल्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी, आणि हवा किती भरावयाची तें दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवरून पाहावें, पंपावरच्या मुलाच्या अंदाजावरून नव्हे. गाडी भरलेली असतां हवेचा आंकडा वेगळा दिलेला असेल तर घाटाच्या दिवशीं तोच धरावा.

ब्रेकविषयीं एकच सांगणें आहे. शर्यतींचे पॅड घेऊं नयेत. ते तापल्यावर चांगले धरतात, आणि सकाळीं गल्लींतून पोर आडवें आलें तर पॅड थंडच असणार. ब्रेकचें तेल मात्र हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें कोरडें तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळूं नये असें प्रमाण आहे. पाणी मुरल्यावर तेंच १४० पर्यंत खालीं येतें. लांब उतारावर पेडल मऊ लागतें त्याचें हें एक कारण. कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीस, तेथेंच सांगितलेल्या जातीचें तेल कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरांत बदलून घ्यावें. उतरतांना ज्या गियरांत चढलों त्याच गियरांत उतरावें.

नवीं चाकें घेण्यापूर्वीं सर्व्हिस सेंटरला चार ओळींचें पत्र लिहून उत्तर लेखी मागावें. तेथील माणसाचें "चालतंय हो" हें पुढें कोणी पुराव्यांत धरणार नाहीं. तें उत्तर व पावत्या काकांनीं आपल्या फायलींत ठेवाव्या, आणि विमा कंपनीसही बदल कळवावा. काढलेलीं मूळचीं चाकें लगेच विकूं नयेत. हमी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीं. रिमसह असतील तर एकावर एक आडवीं रचावीं. नुसते टायर असतील तर उभे ठेवून मधून मधून फिरवावे. ऊन लागतें तेथें किंवा पाण्याच्या पंपाशेजारीं मात्र ठेवूं नयेत. विजेच्या मोटारीजवळ जो ओझोन वायु उत्पन्न होतो त्यानें रबराला भेगा पडतात.